एक पाहुणा सोबत

त्यांच्या कार्डावर गोल्ड लिहिलंय.
पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा
मी तळव्यावर वजन बघितलं, सवयीनं.
गलाईवाल्याची बायको मी,
मूस निवायच्या आत घट किती आली ते सांगते.

हे त्रिशूरला, धाकटे दीर गुवाहाटीला,
रायपूरचं दुकान भागीत.
वर्षाला साठ-सत्तर विमानं.
लेंगऱ्यावरून जातात ती फार उंचावरून,
आवाज मागाहून येतो.

नियम त्यांनीच शिकवले,
मी ज्वारी निवडत होते तेव्हा, समोर पाट ओढून:
त्याच दिवसाचं तिकीट पाहिजे.
विमान त्याच कंपनीचं.
सुटायच्या आधी तीन तास, त्याहून लवकर दारात उभं करत नाहीत.
उतरून आलेल्याला आत घेत नाहीत.
दोन वर्षांवरचं पोर माणसात धरतात.
आतलं बाहेर न्यायचं नाही.
आणि सोबत एक पाहुणा.
एकच.

पाहुणा म्हणजे कोण, मी विचारलं.
तू, ते म्हणाले,
आणि ज्वारीतला एक खडा उचलून
माझ्या सुपाबाहेर ठेवला.

मग पुतणीच्या लग्नाला गुवाहाटीला निघालो,
पुण्याच्या विमानतळावरून.
हौसाक्का बरोबर होत्या, थोरल्या नणंदबाई,
नऊवारी, पायात नवी चप्पल, हातात वायरची पिशवी.
काउंटरवरच्या मुलीनं आम्हाला नजरेनं मोजलं.
सर, एकच गेस्ट.
यांनी माझ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे,
मग कार्डाकडे,
जणू त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात
दोघींतली कोण ते छापलेलं असावं.

तुम्ही जावा, मी म्हणाले. आम्ही हितं बसतो.

आणि ते गेले.
खरं सांगते, जातील असं वाटलं नव्हतं.
काचेचं दार आपोआप उघडलं, आपोआप लागलं,
मधे क्षणभर कॉफीचा वास.

आम्ही लोखंडी खुर्च्यांवर फडकं सोडलं.
कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा फोडायला जागा नाही
म्हणून तो तसाच.
शेजारी जोरहाटला निघालेला एक फौजी होता,
त्याला चतकोर दिली. त्यानं नको म्हटलं नाही.
आत काय असतं गं, आक्का म्हणाल्या.
चहा. खुर्च्या.
खुर्च्या हितं बी हायतच की.

पाऊण तासानं हे आले.
कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली दोन बिस्किटं काढली
आणि माझ्याकडे न बघता आक्कांच्या हातावर ठेवली.
लोकांच्या सोन्यातलं गुंजभर कधी इकडचं तिकडं न केलेला माणूस.
मी काही बोलले नाही.
बिस्किट मऊ पडलं होतं.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
सहा महिने लेंगऱ्यातच.
मार्चअखेर फोनवर निरोप आला:
आपण पुरेसे उडाला नाहीत,
एक तारखेपासून आपण सिल्व्हर.
दोनदा वाचलं त्यांनी. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
मग कपाटातला कसोटीचा दगड मागितला
आणि कार्ड त्यावर घासलं, नीट, दाबून,
जसं गिऱ्हाइकासमोर घासतात.
पांढुरका ओरखडा उठला, बाकी काही नाही.
काय टंच आला, मी विचारलं.
तेजाब तरी कशाला वाया घालवायचा, म्हणाले,
आणि बराच वेळ ओरखडा अंगठ्यानं पुसत राहिले.

आता सकाळपासून तिसरा चहा मागतात.
काठी टेकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतात.
काल मी म्हटलं, विमान किती वाजता?
विमान नाही.
मग आत कसं घेऊ?
त्यांनी थोडा विचार केला.
तीस वर्षं या घरी दिवाळीला आणि यात्रेला आलेला माणूस.
पाहुणा म्हणून, ते म्हणाले.

पाहुणा एकच, असं मी म्हणणारच होते,
तेवढ्यात त्यांच्या काखेखालून वाकून
हौसाक्का आत आल्या, वायरच्या पिशवीसकट,
कुणाला काही न विचारता
चुलीजवळचा पाट घेऊन बसल्या.